चौथा प्रश्न

ग्यानोबा सोनकांबळे गुरुजींना माणसं मोजायची खोड होती. शाळेत पोरं मोजावीत तशी ते सावरवाडीच्या बौद्धवस्तीत माणसं मोजत. वंदनेला कोण आलं, कोण येऊन नुसतं मागं टेकलं, कोणाच्या ट्रंकेत जुना देव अजून लुगड्यात गुंडाळलेला आहे, सगळं त्यांच्या डोक्यात नोंदलेलं. धर्मांतरानंतर वस्तीतले देव पाटीत भरून मन्याड नदीत सोडायला हेच पुढं होते आणि पाटीतला पहिला देव त्यांच्याच घरचा होता, आई धुरपताबाईची मरीआई. त्या दिवसापासून धुरपताबाईच्या अंगात कधी आलं नाही, असं गुरुजी छातीवर हात ठेवून सांगत. ते सांगत असताना धुरपताबाई शेजारी बसून तंबाखू मळत असायची आणि चुन्याची डबी शोधायच्या निमित्तानं मान फिरवायची.

घराच्या जमेच्या बाजूला गुरुजींनी एकच मोठी रक्कम धरली होती, ती म्हणजे लेक पंचशीला. आई लहानपणीच गेलेली. वाढवली आजीनं, पण घडवली गुरुजींनी. "हाय नाही, आहे म्हण." "हसताना दात कशाला दिसायला पाहिजेत?" "लोक बघतायत, तोल सोडायचा नाही." पोरगी बी.ए. होईपर्यंत लातूर जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला नवी टेबलं लागली, टेबलांना माणसं लागली, आणि अहमदपूर तहसिलीतलं टंचाईचं टेबल पंचशीलाच्या वाट्याला आलं. नेमणूक तात्पुरती होती, कायम व्हायची होती. पण तिच्याकडं बघून वस्तीतल्या पोरी शाळेत टिकायला लागल्या होत्या आणि त्याला गुरुजी त्याच रकमेचं व्याज म्हणत.

त्या वर्षी पाऊस असा रुसला की होळीलाच विहिरींचे तळ दिसले. गुरुजी शाळेच्या पाण्याचा अर्ज घेऊन तहसिलीत गेले होते, म्हणून जे झालं ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

सावरवाडीचे सरपंच व्यंकटराव पंचशीलाच्या टेबलावर ओणवे झाले होते. हा माणूस बोलायला असा गोड की ऐकणाऱ्यानं आधी आपला खिसा चाचपावा.

"बाई, तुम्ही आमच्याच गावच्या. दुसऱ्या टँकरचं बघा की जरा."

"अर्ज वर गेला आहे, सरपंचसाहेब."

"कुठवर गेलाय ते बघू द्या. सरा जरा मागं."

असं म्हणून त्यांनी पंचशीलाची खुर्ची एका हातानं मागं सारली आणि दुसरा हात कागदांवर टाकला.

पंचशीला उठली. तिची मान एका बाजूला कलली, ओठ ताणले आणि पोटाच्या तळातून आवाज आला, जाड आणि जुना.

"सर मागं! तू सर! सर म्हंते ना!"

व्यंकटराव इतके मागं सरले की अर्ज घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवरच आदळले. टायपिंगची खडखड थांबली. दाराशी उभ्या असलेल्या एका बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "माय, आली गं," ती म्हणाली.

तो आवाज गुरुजींच्या ओळखीचा होता. त्यांची बोटं अर्जाच्या कागदावर आपोआप ताल धरायला लागली. त्यांनी ती मुठीत दाबली.

पंचशीला खाली बसली, घोटभर पाणी प्याली आणि नेहमीच्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "तेवढा कागद ठेवा, सरपंचसाहेब. तो शासकीय आहे."

नायब तहसीलदारांनी गुरुजींना व्हरांड्यात घेतलं. "गुरुजी, मुलगी कामाची आहे. पण टेम्पररी आहे. पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल. लातूरला दाखवा. जिल्हा झाल्यापासून तिथं सगळ्या प्रकारचे डॉक्टर आलेत, मनाचेसुद्धा."

एस.टी.त बापलेक शेजारी बसले. करपलेली रानं मागं पडायला लागली तेव्हा गुरुजींनी विचारलं.

"तुला आठवतंय, तू काय बोललीस?"

"सगळं ऐकू येत होतं, बाबा. मी आतच होते. पण मधे दुसरीच कुणीतरी उठून उभी राहिली, आणि मला तिला बसवता येईना."

"याआधी कधी झालं होतं?"

"घरी. तोंडावर उशी दाबून घेतली होती."

गुरुजींनी विषय बदलला. पण आतला विषय काही त्यांना बदलता आला नाही. धुरपताबाईच्या अंगात यायचं तेव्हा समोर बसून हलगी वाजवणारा आणि देवीला प्रश्न पुसणारा पोरगा म्हणजे ग्यानू, हेच गुरुजी. पुसण्याची रीत ठरलेली होती. कोण हायीस? कवापासून हायीस? काय पायजे? आणि गावाचं सगळं गाऱ्हाणं घालून झालं की शेवटी चौथा प्रश्न: कवा जातीस? कारण आलेलीला वाटेला लावल्याशिवाय बाई घरी नेता येत नाही. निजामाच्या काळात असंच पुसताना धुरपताबाईनं उजवा हात लांब करून एक जागा दाखवली होती, आणि तिथं पाणी लागलं होतं. तीच आजची चावडीची विहीर. त्या विहिरीचं पाणी शेंदायला मात्र धुरपताबाईला पुढं कितीतरी वर्षं परवानगी नव्हती. कायद्यानं आता होती. पण कायदा अहमदपुरात राहायचा आणि विहीर सावरवाडीत. टँकर आला की त्याच विहिरीत रिकामा व्हायचा, आणि आधी गाव, मग वस्ती असा क्रम होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, म्हणून कुणाला खोडताही येत नव्हता.

मागच्या रविवारी आजी-नात घागरी घेऊन विहिरीवर गेल्या होत्या. धुरपताबाई पाय दुखतात म्हणून जरा पुढं सरकली. गावातल्या साखराबाईनं तिला "सर मागं" म्हणत कोपर लावलं. म्हातारी कठड्यावर आपटली आणि उजवं मनगट मोडलं. पंचशीला तेव्हा शांतपणे म्हणाली होती, "ठीक आहे, आम्ही थांबतो." संध्याकाळी हे कळल्यावर गुरुजींनी तिच्या पाठीवर थाप मारली होती. "शाब्बास. तोल सोडला नाहीस."

एस.टी. सावरवाडीला पोचायच्या आत बातमी पोचली होती. दाराशी साखराबाई उभी. हातात ताट, ताटात हळदीकुंकू आणि नारळ.

"साखराबाई, हे काय?"

"तुमाला न्हाई आणलं, गुरुजी. पोरीला आणलंय."

"या घरात हे चालत नाही."

"घरात कुठं आले? दारातच उभी हाय." तिनं आवाज खाली केला. "गुरुजी, लई चुकलं माजं. म्हातारीला लागलं. देवीचा कोप व्हायला नको, मनून आले."

बाजेवर गळ्यात हात बांधून बसलेली धुरपताबाई आतून ओरडली, "अगं साखरे, म्हातारीला लागलं तर म्हातारीपशी ये की. तिकडं कामून जातीस?"

साखराबाई ताट घेऊन तशीच परत गेली. नारळ मात्र उंबऱ्याशी ठेवून गेली. गुरुजींनी तो उचलून कुंपणापलीकडं भिरकावला. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं त्यांनी बघितलं नाही. एरवी घरात शिरताना ते बघायचे.

दुसऱ्या दिवशी लातूर. गंजगोलाई बाजारपेठेला लागून एका औषध दुकानाच्या माडीवर डॉक्टर शिवकांता बसायच्या. उदगीरच्या, लिंगायत घरातल्या, शिकल्या बंगळूरला. गळ्यात लिंगाचा दोरा, टेबलावर शेंगदाण्याची पुडी. पंचशीलाशी त्या एकांतात बोलल्या, आणि मग गुरुजींना आत बोलावलं.

"गुरुजी, माणसाच्या आत एकच माणूस राहत नाही. एकत्र कुटुंब असतं. माझ्या आत उदगीरची गौरम्माची पोरगी आहे, तिला अजून अंधाराची भीती वाटते. एक डॉक्टर आहे, तिला सगळं येतं असं तिला वाटतं. आणि एक सासुरवाशीण आहे, ती दोघींवरही खेकसते. तिघींचा स्वयंपाक एका चुलीवर."

"म्हणजे वेड?"

"वेड कसलं? सगळ्यांच्या घरात हेच असतं. एखादीला खोलीत कोंडून वर कडी घातली, तर ती एक दिवस दार मोडते. हिच्या आतल्या एकीनं मोडलंय. ती कोण आहे ते आपण तिलाच विचारू."

गुरुजींनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाला न समजलेल्या गोष्टीवर मान डोलवायची सवय असते. त्यांना पडद्याआड बाकावर बसवलं आणि डॉक्टरांनी एक रिकामी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पंचशीला, काल जी बोलली तिला या खुर्चीवर बसवायचं. म्हणजे तूच इथं येऊन बसायचं आणि तिच्या तोंडानं बोलायचं. भिऊ नको, मी आहे. नको वाटलं तर तू हात वर कर, आपण थांबू."

खुर्ची करकरली.

"कोण आहेस गं तू?" डॉक्टरांनी विचारलं.

गुरुजी बाकावर पुढं सरकले.

"वळखत न्हाईस व्हय?" तोच आवाज. पडद्याच्या अलीकडं त्याचा वास यावा इतका जवळ.

"नाही ओळखत. म्हणून तर विचारते."

"म्या हिची राखणदार."

"बरं. कधीपासून आहेस?"

गुरुजींचा हात मांडीवर पडला. परत पडला. ताल लागला. त्यांनी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला.

"ही ल्हान होती तवापासून. ह्यो बाप म्हणायचा, हाय म्हनू नको. रडू नको. दात दावू नको. वरडू नको. जे जे नको, ते ते म्या उचलून ठिवलं. लई साठलंय. आता ठिवाया जागा न्हाई."

"इतकं सगळं एकटीनं सांभाळलंस," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मग आता तुला काय पाहिजे?"

पलीकडं श्वास घेतल्याचा आवाज आला. उत्तर येणार होतं. आणि तेवढ्यात पडदा कडीतून निसटून खाली आला. गुरुजी मधोमध उभे होते. मांडीवरचा हात आता वर गेलेला, बोटं ताठ.

"कवा जातीस?" ते ओरडले. "बोल! कवा जातीस?"

खुर्चीवरची पंचशीला एकदम आक्रसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

डॉक्टर शिवकांता उठल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "हे आता कोण बोललं, गुरुजी?"

"मी. मी तिचा बाप."

"बाप मघाशी माझ्याशी बोलला. त्याचा आवाज वेगळा होता."

गुरुजींना आपला हात अजून हवेत आहे हे कळलं. त्यांनी तो खाली घेतला, खिशात घातला, मग बाहेर काढला. "बाई, तुम्ही बंगळूरला जाऊन हे शिकलात? हे आम्ही मन्याडीत सोडलंय. कोण, कवापासून, काय पायजे. मीच विचारायचो ते! तुम्ही देवी बसवून राहिलात माझ्या पोरीच्या अंगात."

"पहिले तीन प्रश्न माझे, गुरुजी. चौथा तुमचा. तो मी विचारणार नव्हते."

"का?"

"बाहेरून आलेल्याला जा म्हणतात. ही कुठं जाणार? ती तिचीच आहे."

गुरुजींनी पंचशीलाचा दंड धरला आणि जिना उतरले. फी द्यायची राहिली आहे हे त्यांना खालच्या पायरीवर आठवलं. ते परत वर गेले, टेबलावर पैसे ठेवले आणि खाली आले. तेवढा हिशोब त्यांनी चुकवला नाही.

परतीच्या वाटेवर पंचशीला एकच वाक्य बोलली. "ती उत्तर देणार होती, बाबा."

दिवेलागणीला व्यंकटराव आले. बाजेवर ऐसपैस बसले, धुरपताबाईच्या हाताची चौकशी केली, हवापाण्याला शिव्या घातल्या, आणि मग खरं गाठोडं सोडलं.

"गुरुजी, बोअरची गाडी येऊन राहिली गावात. भूजलवाले साहेब जागा दावून गेले. पर ती निघाली माज्याच भावकीच्या वावरात. आता तिथं बोअर घेतला तर गाव मला उभा चिरंल. म्हणंल, सरपंचानं आपलंच बघितलं."

"मग दुसरीकडं घ्या."

"दुसरीकडं पाणी न्हाई की! म्हणून म्हणतो, उद्या टँकरच्या वक्ताला पंचशीलाबाईला हिरीवर आणा. हलगी वाजंल, पोरीच्या अंगात येईल. म्या पुसीन. तिनं त्या वावराकडं निस्ता हात करायचा. तुमच्या आईनं केला तसा. देवीनं दावलेल्या जागंची तक्रार कुणी करत न्हाई."

"आम्ही बौद्ध आहोत, व्यंकटराव."

"त्याला कोण न्हाई म्हणतंय? एका दुपारचं काम हाय." त्यांनी टोपी सारखी केली. "नायब साहेबानं मला विचारलंय, तहसिलीत काय झालं ते लिहून द्या. म्या लिहू शकतो की, काय बी झालं न्हाई, म्याच घसरलो. न्हाईतर जे झालं तेच लिहावं लागंल. तुम्ही शाणे हायेत."

आता खरं सांगायचं तर गुरुजींच्या आत त्या घटकेला दोघं बसले होते. एक देव बुडवणारा ग्यानोबा, तो ताडकन नाही म्हणत होता. दुसरा हिशोबी बाप. तो म्हणत होता, एक दुपार. एका दुपारच्या बदल्यात पोरीची आयुष्यभराची नोकरी. आणि तिच्या नोकरीकडं बघून शिकणाऱ्या पोरी. त्या दोघांच्या भांडणात तोंडातून जे निघालं ते असं:

"विचार करून सांगतो."

व्यंकटराव हसत गेले. अशा उत्तराचा भाव त्यांना चांगला ठाऊक होता.

पंचशीला चुलीपाशी बसली होती. तिनं मागं वळून बघितलं.

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"पंचशीला, मी तुझ्यासाठी..."

"मी उद्या विहिरीवर येणार आहे, बाबा. पाणी आणायला. देवी व्हायला नाही." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ती बाहेर आली तर काय करेल, मला माहीत नाही. तुम्ही तिला हाकललंत, तेव्हापासून ती गप्प आहे. मला त्याचीच जास्त भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीपुढं अख्खं गाव होतं. टँकर अजून फाट्यावर होता. कठड्याला कुणीतरी हिरवा खण बांधलेला. साखराबाई ताट घेऊन सगळ्यात पुढं. गाव कठड्याच्या एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला. वस्तीतली माणसं माना खाली घालून उभी होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून गुरुजींकडं बघत होती. देव बुडवणाऱ्याच्या घरी काय होतं ते त्यांना बघायचं होतं. गुरुजी त्यांना मोजायला विसरले.

पंचशीला घागर घेऊन आली, मागं गळ्यात हात बांधलेली धुरपताबाई, तशी हलगी सुरू झाली. तिनं पहिल्यांदा लक्षच दिलं नाही. ती विहिरीकडं चालत राहिली. मग साखराबाई आडवी आली आणि तिनं पंचशीलाच्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं.

घागर खाली पडली आणि घरंगळत गेली. पंचशीलाची मान कलली. खांदे हलायला लागले. हलगी चढली. बाया पुढं झाल्या, कोणी पायावर पाणी ओतलं, तेही घोटभर, कारण पाणीच नव्हतं.

"माय, पाणी दाव!" व्यंकटराव हात जोडून मोठ्यानं म्हणाले. "कोणत्या अंगाला हाय, दाव! ह्या अंगाला हाय का?" आणि त्यांनीच आपल्या भावकीच्या वावराकडं मान केली, म्हणजे देवीला शोधाशोध पडू नये.

पंचशीलाचा उजवा हात उचलला गेला. हात हवेत अडला, कुठं जावं ते त्याला कळत नव्हतं. तिचे डोळे गर्दीत काहीतरी शोधत होते. ते गुरुजींवर येऊन थांबले, आणि गुरुजींना दिसलं की त्या डोळ्यांत देवी नाही. एक लहान पोरगी आहे, आणि ती घाबरलेली आहे.

तिला दंड धरून घरी न्यावं, असं एका ग्यानोबानं सांगितलं. एक दुपार, एवढा हात फिरू दे, असं दुसऱ्यानं. गुरुजींनी दोघांचंही ऐकलं नाही. ते गर्दीतून पुढं गेले आणि हलगीवर हात ठेवला. कातड्याचा आवाज तिथंच मेला.

"गुरुजी पुसणार!" मागून एक म्हातारा हरखून म्हणाला. "जुना पुसणारा हाय त्यो!"

वस्तीच्या अंगाला कुजबुज झाली. गुरुजींनी ती ऐकली. तिची किंमत त्यांना माहीत होती. ते पंचशीलापुढं मातीत बसले, लहानपणी बसायचे तसे, मांडी घालून.

"कोण आहेस?" त्यांचा आवाज फुटला. त्यांनी परत विचारलं, "कोण हायीस गं, माय?"

"वळखलं न्हाईस व्हय, बाबा?"

"वळखलं. मीच कोंडलं होतं तुला." मग ते पुढच्या प्रश्नाला आले. "कवापासून हायीस?"

"तुज्या पैल्या 'नको'पासून."

"काय पायजे तुला?"

आता मधे कुणी बोललं नाही. फाट्यावरून टँकरची घरघर यायला लागली होती.

"ज्या हातानं ही हीर दावली त्यो हात ह्या कठड्यावर मोडला," ती म्हणाली. आवाज जाडच होता, पण आता तो पोटातून वर येऊन छातीत पोचला होता. "आन म्या म्हणले, ठीक हाय, आमी थांबतो. मला बोंब मारायची होती. मला साखराबाईचा हात धरायचा होता. तुमी घरी आल्यावर म्हणलात, शाब्बास. मला शाब्बास नको, बाबा. माज्या आजीची घागर पैली भरली पायजे."

साखराबाईच्या हातातलं ताट कललं. कुंकू तिच्याच पायावर सांडलं.

व्यंकटरावांना डाव हातातून निसटताना दिसला. ते घाईनं म्हणाले, "बरं बरं, भरू की म्हातारीची घागर. गुरुजी, आता चौथा पुसा. चौथा पुसा आन मोकळं करा पोरीला."

सगळं गाव चौथ्या प्रश्नाची वाट बघत होतं. तो विचारला की खेळ संपायचा, देवी जायची, आणि जे बोललं गेलं ते देवी बोलली म्हणून तिच्याबरोबर जायचं. उद्या परत आधी गाव, मग वस्ती.

गुरुजी उठले. त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं पंचशीलाच्या कपाळावरचं कुंकू पुसलं.

"चौथा न्हाई," ते म्हणाले. "ही कुठं जाणार न्हाई. राहा गं तू. हितंच राहा."

पंचशीलाचे खांदे हळूहळू थांबले. तिनं एक मोठा श्वास घेतला, घरंगळलेली घागर उचलून आणली, तिची पोचा पडलेली कड चाचपली. मग ती बोलली तेव्हा आवाज तिचाच होता. पण त्या आवाजाच्या मागं दुसरा आवाज उभा होता, आधार दिल्यासारखा.

"व्यंकटराव, बोअरची जागा भूजलवाल्यांनी दाखवलेली आहे. कागद माझ्या टेबलावरून गेलाय. तुमच्या भावकीचं वावर आहे तर गावाला तसं सांगा आणि तिथंच घ्या. माझ्या हातामागं लपू नका."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. व्यंकटरावांची टोपी आपोआप हातात आली.

"असं व्हय?" ते म्हणाले. "मग मला बी नायब साहेबाला लिहून द्यावं लागंल, काय झालं ते."

"द्या की. माझ्याच टेबलावर येईल. मी वर पाठवीन."

टँकर येऊन उभा राहिला. पाइप विहिरीत सोडला गेला, पाणी पडायला लागलं, आणि त्या आवाजासरशी इतका वेळ हात जोडून उभ्या असलेल्या बाया एकमेकींना ढकलत कठड्याकडं धावल्या. पंचशीला कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

"सरा मागं," ती म्हणाली. ओरडली नाही. "रांग हितून. आजी, पुढं ये."

साखराबाई तिच्याकडं बघत राहिली. हात जोडावेत का भांडावं, हे तिचं ठरत नव्हतं. "पोरी, आता तू देवी बोलतीस का..."

"मी पंचशीला बोलते. पंचशीला हाय मी."

'आहे म्हण' हे शब्द गुरुजींच्या जिभेपर्यंत आले. त्यांनी ते गिळले. गिळताना दुखलं.

साखराबाई एक पाऊल मागं सरली. आणि मग तिच्या मागची, आणि तिच्या मागची. सगळ्या सरल्या असं नाही. दोघी-चौघी पुटपुटत घराकडं निघून गेल्या, व्यंकटरावांच्या मागं. उद्या काय होईल ते उद्या कळणार होतं.

धुरपताबाईला एका हातानं शेंदता येईना. गुरुजींनी दोर हातात घेतला. पोहरा खाली सोडताना त्यांचे हात कापत होते, आणि त्या कापण्यात एक जुना ताल होता. या खेपेला त्यांनी तो दाबला नाही.

"ग्यानू, हळू रे," धुरपताबाई म्हणाली. "आपटशील पोहरा. लई दिसानं हात मोकळा सुटलाय तुजा."

पोहरा वर आला. पाणी गढूळ होतं, पण पाणी होतं. म्हातारीनं ओंजळीत घेऊन पहिल्यांदा नातीचं कपाळ धुतलं.

"सोमवारी लातूरला जाऊ," गुरुजी दोर ओढता ओढता पंचशीलाला म्हणाले. "बाईंची माफी मागायची राहिली."

"तुम्ही पडद्याआड बसणार का, बाबा?"

गुरुजींनी दुसऱ्यांदा पोहरा खाली सोडला आणि तो पाण्याला टेकू दिला.

"ग्यानूला बी एक लागंल. खुर्च्या दोनच हायेत का गं तिथं?" त्यांनी विचारलं.